फोटो पिवळे का येतात

शनिवार, ४ ऑक्टोबर

सरांनी सांगितलंय, वही ठेवा. रोज एक फोटो काढायचा आणि त्याचे आकडे लिहायचे. अपर्चर किती, शटर किती, आयएसओ किती. आकडे मी लिहीनच, पण नुसत्या आकड्यांनी माझं भागणार नाही. मला बोलायला लागतं आणि घरात ऐकणारा माणूस एकच, तोही दिवसभर दुकानात उभा राहून दमून येतो. तेव्हा या वहीची आता धडगत नाही.

आज पहिला दिवस. स्टुडिओच्या माडीवर आठ खुर्च्या, आठ जण, त्यात सगळ्यांत म्हातारी मी. त्रेपन्न वर्षांची. बाकीच्यांनी कॅमेरे असे धरले होते की जन्मल्यापासून हातातच आहेत. मी बबडीने दिलेला तिचा जुना कॅमेरा पिशवीतून काढला, डोळ्याला लावला, तर मिट्ट काळोख. म्हटलं, झालं! पहिल्याच दिवशी मोडला. लेकीला काय तोंड दाखवू? घाम फुटला. सर आले आणि हळूच म्हणाले, "काकू, झाकण काढा." सगळे हसले. मीही हसले, पण जिना उतरेपर्यंत ते झाकण मुठीतच घट्ट धरून ठेवलं होतं.

मला इथे घातलं ते यांनी. मागच्या सोमवारी फॉर्म घेऊनच घरी आले. नाव, वय, पत्ता, सगळं स्वतःच्या हाताने भरलेलं. म्हटलं, हे काय नवीन खूळ? तर म्हणाले, "आईचं अकरा वर्षं अंथरुणावरचं सगळं केलंस. ती जाऊन वर्ष झालं, तरी तू दुपारी दोन वाजता तिच्या औषधाला उठून बसतेस. काहीतरी तुझं असू दे आता." मी म्हटलं, मला नाही जमायचं, बटणं बघूनच धडकी भरते. "भरू दे. तुझ्या काळजीला नाहीतरी नवीन काम हवंच आहे." मला धास्तीबाई म्हणतात ते. बबडी शाळेत असल्यापासून.

गृहपाठ असा: चाळीस दिवस, रोज एक फोटो, एकाच माणसाचा चेहरा. सर म्हणाले, "माणूस तोच ठेवायचा. म्हणजे फोटोत जे बदलेल ते उजेडामुळे नाहीतर तुमच्या चुकीमुळे." हे मी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. माणूस कोण, हा प्रश्नच नव्हता. घरात दुसरं आहे कोण?

मंगळवार, ७ ऑक्टोबर

एफ चार, एकास साठ, आयएसओ सोळाशे. पडदा उत्तम आलाय. पडद्याचा विणलेला धागा न् धागा मोजून घ्यावा. पुढे हे बसलेत ते मात्र धुरकट. फोकस पडद्यावर गेला म्हणे. यांनी बघितलं आणि म्हणाले, "पडदा तसा माझ्यापेक्षा बरा दिसतोच."

काल शटर इतकं हळू ठेवलं की यांना तीन नाकं आली. परवा आयएसओ वर राहिला आणि फोटोत तोंडभर वाळूसारखे ठिपके. अशाने माझं कसं व्हायचं?

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज फोकस जमला. एकदाचा! चष्म्याची काडी, कपाळावरच्या आठ्या, सगळं लख्ख. पण फोटो पिवळा आलाय. कालचाही काढून बघितला, तोही जरासा पिवळाच.

यांच्यापुढे कॅमेरा धरला. म्हटलं, रंग हा तुमचा धंदा, सांगा बघू काय चुकलं? आणि धंदाच आहे. तीस वर्षं रंगाच्या दुकानात शेड कालवून देतायत. गिऱ्हाईक उशीच्या अभ्र्याचा तुकडा घेऊन येतं, हे नुसतं बघून सांगतात, पांढऱ्यात अमुक थेंब पिवळा, तमुक थेंब काळा. आता मशीन आलंय, तरी मालक मशीनवर विश्वास ठेवत नाही, यांना विचारतो.

बराच वेळ बघत होते. मला वाटलं, काहीतरी मोठं सांगणार. मग म्हणाले, "बल्बचा दोष आहे." आणि कॅमेरा परत दिला.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आज वर्गात नेमकं तेच! सर म्हणाले, प्रत्येक उजेडाला आपला रंग असतो. ट्यूब निळसर, बल्ब पिवळा, सावली निळी. आपला डोळा ते मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो, त्यामुळे आपल्याला कळत नाही. कॅमेरा बिचारा खरं दाखवतो. म्हणून त्याला सांगावं लागतं की बाबा रे, इथे बल्ब आहे. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. आणि सांगायला विसरलात, तर नंतर कॉम्प्युटरवर एक पट्टी असते, ती निळ्याकडे सरकवली की पिवळेपणा जातो.

घरी येऊन बबडीच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसले. पट्टी सरकवली आणि काय सांगू, हे एकदम ताजेतवाने! दहा वर्षांनी लहान. तिथल्या तिथे आठही फोटो दुरुस्त केले. कॉम्प्युटर दर वेळी विचारतो, जुन्या फाइलवरच लिहू का? मी म्हणते, लिही बाबा, जुनी ठेवून काय तिची पूजा करायची आहे?

आज फार दिवसांनी मला काहीतरी आलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

संताप, संताप! आज हे दुकानातून येताना घरभरचे बल्ब घेऊन आले आणि चढले स्टुलावर. होत्या तेवढ्या पांढऱ्या ट्यूब काढल्या, आता सगळीकडे पिवळे बल्ब. स्वयंपाकघरात, बाहेरच्या खोलीत, न्हाणीघरातल्या आरशावरसुद्धा. म्हणे, डोळ्यांना बरे. मी म्हटलं, अहो, मी इथे पिवळ्याशी झगडतेय आणि तुम्ही पिवळंच विकत आणताय? माझ्या गृहपाठावर पाणी ओतायला निघालात का? म्हणाले, "तुला सराव होईल."

खाली उतरल्यावर दोन मिनिटं स्टुलाला धरून उभे होते. म्हटलं, चाळिशीतल्यासारखं चढू नका. वय बघा.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आकडे आजपासून शेवटी लिहीन. आधी मनातलं.

यांना काय झालंय कळत नाही. काल फ्यूज कसा घालायचा ते शिकवलं. आज पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह. उद्या म्हणे निळी फाइल दाखवणार, घराचे कागद, विम्याचे कागद. म्हटलं, एका वेळी एक विद्या द्या, माझं डोकं आहे की गोदाम? अपर्चर आठवलं की व्हॉल्व्ह विसरते. तर माझा हात धरून परत फिरवायला लावला, उजवीकडे बंद, डावीकडे चालू. तीनदा. चिडतच नाहीत आजकाल, त्याचाच मला राग येतो.

एक मात्र चांगलं झालंय. आजकाल संडास स्वतः घासतात! वापरून झालं की लगेच बादलीभर पाणी, ब्रश, सगळं साग्रसंगीत. बबडीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबा आणि ब्रश? फोटो काढून पाठव, माझा विश्वास नाही." आम्ही दोघी हसून हसून लोळलो. तीस वर्षं डोकं आपटलं तेव्हा कुठे नवऱ्याला वळण लागलं.

एफ पाच पॉइंट सहा, एकास शंभर, आयएसओ बत्तीसशे. पट्टी निळ्याकडे तीस.

सोमवार, २० ऑक्टोबर

परवा सरांनी सांगितलं, चेहऱ्याच्या फोटोत आधी डोळे. डोळे तलवारीसारखे पाहिजेत, बाकी नाक-कान गेले खड्ड्यात. म्हणून आज डोळ्यांवर फोकस केला आणि कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं. बुबुळात मी दिसतेय, कॅमेरा घेतलेली, इतकीशी. केवढी गंमत वाटली! पण बुबुळाभोवतीचा पांढरा भागही पिवळाच. नवा बल्ब डोळ्यातसुद्धा उतरलाय मेला.

तेवढ्यासाठी एक वेगळा ब्रश असतो म्हणे कॉम्प्युटरवर, नुसता डोळ्यांपुरता रंग काढायचा. तासभर बसले. आता मोत्यासारखे दिसतायत.

यांना दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. म्हणाले, "छान केलंस. हाच ठेव." आणि मग, "पुढचे फोटो बाजूने काढ. समोरून नको. मला समोर बघून अवघडायला होतं." माणसाला दोन आठवड्यांनी लाज सुचली.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सर रागावले. माझ्यावर नाही, सगळ्यांवरच. पण मला वाटतं, बघत माझ्याकडे होते. म्हणाले, "तुम्ही फोटो काढायला शिकताय की धुवायला? कॉम्प्युटरवर सावरायची सवय लागली की चूक कुठे झाली ते कधीच कळणार नाही. कॅमेऱ्यातच बरोबर आलं पाहिजे."

घरी येईपर्यंत तोंड कडू. माझ्याकडे एकही धड फोटो कॅमेऱ्यातून निघालेला नाही. एकवीस फोटो, एकवीसही मी सावरलेले. आणि पट्टी दर आठवड्याला जास्तच सरकवावी लागते. आधी दहा, मग तीस, आता पंचावन्न. म्हणजे मी सुधारत नाही, बिघडतेय. पहिल्या पानावर सरांचं वाक्य आहेच: जे बदलेल ते उजेडामुळे नाहीतर तुमच्या चुकीमुळे. बल्ब तेच आहेत. म्हणजे चूक माझीच.

बुधवार, २९ ऑक्टोबर

ठरवलं होतं, बल्बच नको, सकाळी खिडकीच्या उजेडात काढायचा. पण हे हल्ली उजाडायच्या आत दुकानाला पळतात. विचारलं तर स्टॉक मोजायचाय. मालक एवढा कामाचा कधीपासून झाला कोण जाणे.

कपडे धुवायची पावडर बदलायला हवी. यांच्या अंगाला सारखी खाज सुटते. दंडावर नखांचे ओरखडे पडलेत. जेवणही पाखराएवढं. तेलकट नको, वास नको. मी म्हटलं, माझ्या हाताची चव गेली का? म्हणाले, "पोट कमी करतोय. फोटोत चांगला दिसायला." पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलंय. चला, माझ्या कॅमेऱ्याचा कुणाला तरी फायदा.

मला मात्र झोप नीट लागत नाही. वर्गात माझंच सगळ्यांत वाईट जातंय, ही एक काळजी. यांनी हौसेने घातलंय, मी नापास झाले तर त्यांना काय वाटेल, ही दुसरी.

शनिवार, १ नोव्हेंबर

आज सरांनी रामबाण दाखवला. पांढरा कागद! ज्या उजेडात फोटो काढायचा, तिथे आधी साधा पांढरा कागद धरून त्याचा फोटो काढायचा आणि कॅमेऱ्याला सांगायचं, याला पांढरं म्हणतात. मग बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. एवढं सोपं? आणि मी महिनाभर पट्ट्या सरकवत बसले!

उद्या रविवार. दुकान बंद. उद्या सापडतायत.

रविवार, २ नोव्हेंबर

जेवणानंतर हे खिडकीजवळच्या खुर्चीत डोळा लागून पडले होते. भर दुपारचा उजेड, बल्ब बंद. मी मांजरीसारखी गेले. आधी कागदाचा फोटो, कॅमेऱ्याला सांगितलं, याला पांढरं म्हणतात. मग तो कागद त्यांच्या छातीवर हळूच ठेवला आणि श्वास रोखून फोटो काढला. शटरच्या आवाजाने जागे झाले. एवढे ओरडले! "न विचारता काढायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना!" कधी सांगितलं होतं? कागद चुरगळून फेकला आणि आत जाऊन आडवे झाले. तीस वर्षांत असं ओरडले नव्हते. मला रडू आलं.

आणि एवढं करून फोटो चुकलाच. कागद पांढराशुभ्र, चेहरा पिवळा. कॉम्प्युटरवर पट्टी सरकवून चेहरा नीट केला, तर कागद निळा झाला. कागद पांढरा केला, तर चेहरा पिवळा. दोन्ही एकदम बरोबर येतच नाही. तासभर इकडून तिकडे, तिकडून इकडे. सरांचा रामबाणसुद्धा माझ्या हातात वाया गेला. मला हे येणारच नाही. सोडून द्यावं का? पण यांना कसं सांगू?

या फोटोवर मात्र काही केलं नाही. सरांना जसाच्या तसा दाखवते, म्हटलं होऊ दे एकदाची फजिती.

बुधवार, ५ नोव्हेंबर

शनिवारची धास्ती. रविवारनंतर फोटो काढलाच नाही. ते नको म्हणाले, मलाही नको होता.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सरांना वर्ग सुटल्यावर दाखवला. सगळ्यांसमोर नको म्हणून थांबले होते. म्हटलं, सर, रागावू नका, कागदाचं सगळं तुम्ही सांगितलं तसं केलं, तरी बघा कसा पिवळा आलाय. काय चुकलं?

त्यांनी मोठ्या पडद्यावर लावला. कागदावर गेले, मोठा करून बघितला. मग चेहऱ्यावर. मग डोळ्यांवर. मग परत कागदावर. म्हणाले, "काकू, कागद अगदी पांढरा आहे. तुमचं काही चुकलं नाही. कॅमेरा बरोबर आहे."

खोटं कशाला लिहू, एक क्षण मला इतका आनंद झाला! माझं बरोबर आलं होतं. मी विचारलंसुद्धा, मग पिवळं कशामुळे?

सर म्हणजे माझ्या बबडीच्या वयाचा मुलगा. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "काकू, काकांना डॉक्टरांकडे नेलं होतं का एवढ्यात?"

मग मला दिसलं. पडद्यावर माझ्या नवऱ्याचे डोळे होते, दोन हात रुंद, आणि ते पिवळे होते. बल्ब नव्हता. दुपार होती. खाज, पट्टा, जेवण, संडास, सगळं एकदम समोर आलं. महिनाभर मी ते बघत होते आणि पट्टीने पुसत होते.

जिना कसा उतरले आठवत नाही. कॅमेरा तिथेच राहिला. सरळ दुकानात गेले. हे मशीनपाशी उभे होते, गिऱ्हाईक होतं. मी त्यांचा हात धरला आणि ओढत बाहेर रस्त्यावर उन्हात आणलं, सगळ्यांदेखत. चष्मा काढला. बघितलं.

ते म्हणाले, "कळलं वाटतं."

सोमवार, १० नोव्हेंबर

डॉक्टरांनी बघताक्षणी कावीळ म्हटलं. पोट दाबून बघितलं, रक्त घेतलं, मग विचारलं, "लघवी गडद पिवळी होते ना? कधीपासून आहे?" मी तोंड उघडणार होते. मला वाटलं, सांगावं, नऊ ऑक्टोबरपासून. माझ्या वहीत आहे.

यांनी खिशात हात घातला आणि दुकानाची शेडची पट्टी काढली. पुठ्ठ्यावर रंगाचे चौकोन असतात ना, गिऱ्हाईकाला दाखवायचे, ती. पिवळ्या रंगांची. वरून खाली, दुधाळपासून हळदीपर्यंत. प्रत्येक चौकोनाशेजारी पेन्सिलने तारीख. रोज सकाळी दुकानाच्या मागच्या दारात, उन्हात, छोट्या आरशासमोर डोळ्याला लावून बघायचे. म्हणून उजाडायच्या आत पळायचे. डॉक्टर पट्टी हातात घेऊन बघतच राहिले. म्हणाले, "इतकी नेमकी माहिती मला कुणी दिली नव्हती. आणि इतका मूर्खपणाही कुणी केला नव्हता."

पहिली तारीख २७ सप्टेंबर.

फॉर्म घेऊन घरी आले तो सोमवार, २९ सप्टेंबर.

मी ते दवाखान्यातच मोजलं. दोन दिवस. शनिवारी त्यांनी आपला डोळा पट्टीला लावून बघितला आणि सोमवारी मला क्लासला घातलं. फ्यूज, व्हॉल्व्ह, निळी फाइल. मला वाटत होतं, हा माणूस रिकामटेकडा झालाय.

बाहेर बाकावर मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माणसं वळून बघत होती, बघू देत. म्हटलं, परस्पर ठरवून मोकळे झालात? मला विधवा करायची तयारी चालली होती आणि मलाच पत्ता नाही? मी कोण, भाडेकरू? ते मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "घाबरलो होतो गं. डॉक्टर काय सांगतील ते ऐकायचंच नव्हतं. आणि तू आईची अकरा वर्षं काढलीस. परत तुला त्याच खोलीत, त्याच पलंगाशी बसवायचं माझ्या जिवावर आलं."

"आणि बल्ब?"

"तू रोज डोळ्यात बघत होतीस. कधीतरी कळलंच असतं."

मी म्हटलं, मला काय कळणार होतं, मी तर डोळे धुऊन मोत्यासारखे करत होते. दोघंही हसलो आणि मग दोघंही हसायचं थांबलो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

स्कॅन झाला. पित्ताची नळी जिथे आतड्यात उघडते, तिथे गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, बाहेर पसरलेली दिसत नाही. अजून काढता येण्यासारखी आहे. आणखी दोन महिने गेले असते तर कदाचित ही संधीसुद्धा मिळाली नसती. आधी नळीत नळी घालून पित्त मोकळं करायचं, मग ऑपरेशन.

घरी येऊन कॉम्प्युटर उघडला. डॉक्टरांना दाखवायला जुने फोटो हवे होते. एकही नाही. तीस फोटो, एकोणतीसमध्ये हे गुलाबी, तरतरीत, हसरे. खोटे. खरा एकच, चुरगळण्याआधीच्या कागदाचा. मी इतके दिवस रोज या माणसाकडे टक लावून बघितलं, तीस वर्षांत बघितलं नव्हतं इतकं, आणि मला दिसलं नाही. बबडीला फोनवर हेच सांगत रडले. ती म्हणाली, "आई, शेवटी तूच काढलास ना तो फोटो." काढला. पण मी तो चुकला म्हणून सरांकडे नेला होता. हे तिला कसं सांगायचं?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नळी घातली. ताप होता दोन दिवस. आज उतरला. सर येऊन कॅमेरा देऊन गेले. मी तो तसाच कपाटात ठेवला. घरातले सगळे बल्ब काढले, शेजारून स्टूल आणून. आमच्या स्टुलाचा पाय हलतो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. बबडी खाली चहा आणायला गेलीय.

पहाटेपासून जागेच होतो. नर्स हिरवा गाऊन देऊन गेली. त्यात हे इतके लहान दिसत होते. मला जवळ बोलावलं आणि सुरू झाले, "ऐक. निळ्या फाइलीत मागच्या कप्प्यात दुसरं पाकीट आहे. त्यात बँकेचा कागद आहे आणि त्याचा पासवर्ड..."

मी म्हटलं, "नका सांगू."

"अगं, सोपंय. चार आकडे फक्त."

"मला येणार नाही."

"येईल. कॅमेरा आला की नाही?"

"नाही आला! काही आलं नाही. फ्यूज विसरले. व्हॉल्व्ह कुठे फिरवायचा ते विसरले, उजवीकडे की डावीकडे काही आठवत नाही. घरात परवा काळोख झाला तेव्हा मेणबत्ती लावून बसले होते. मी ढ आहे. मला शिकवून काही उपयोग नाही. तुम्ही घरी या आणि तुमचं तुम्ही करा."

माझा आवाज इतका चढला की नर्स दारात आली. यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे आता जवळजवळ पांढरे झालेत. माझा हात धरून ठेवला, तो ढकलगाडी दाराशी जाईपर्यंत सोडला नाही, मग नर्सलाच सोडवावा लागला.

साडेनऊला आत नेलंय. सहा तास लागतील म्हणाले. आता पावणेबारा झालेत. बाहेर येऊन कुणी काही सांगत नाही. मी दोनदा विचारून आले, तिसऱ्यांदा गेले तर हाकलतील.

मला सगळं येतं. फ्यूज येतो. व्हॉल्व्ह उजवीकडे बंद, डावीकडे चालू. मागच्या कप्प्यातलं पाकीट मी कधीच उघडून बघितलंय, चार आकडेही पाठ आहेत. काळोख झालाच नव्हता. पण हे त्यांना कळता कामा नये. त्यांना वाटलं पाहिजे की घरी ही बाई काळोखात बसलीय आणि आपल्याला जायलाच हवं.